ट्रॅक डेसाठी घेतलेलं रेडिएटर + ऑइल कूलर किट: रेडिएटरला अडीच स्टार, कूलरला साडेचार

रिव्ह्यू लांबलाय, आधीच माफी. गेल्या वर्षभरात ह्या एका किटपायी मी गाडीचा पुढचा बंपर अकरा वेळा काढलाय, आता तो अंधारात पण काढता येतो. ज्यांना फक्त घेऊ की नको एवढंच हवंय त्यांच्यासाठी आत्ताच सांगून टाकतो, ऑइल कूलर (इंजिन ऑइल थंड करणारी जाळी) घ्या, रेडिएटरसाठी (इंजिनचं पाणी थंड करणारी जाळी) थांबा, आणि त्याच्या आधी पुठ्ठा आणि कात्री आणा. पुठ्ठा कशाला ते पुढे येतंय.

गाडी म्हणजे पुढे इंजिन, मागच्या चाकांना ड्राइव्ह, दोन लिटर टर्बो, अडीचशे हॉर्सपॉवरच्या आसपास. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल आणि टायर सोडले तर सगळं कंपनीचंच. रोजच्या कामाला पण हीच. रस्त्यावर कधी म्हणजे कधी गरम झाली नाही, भर उन्हात ट्रॅफिकमध्ये एसी लावून तासभर उभी राहिली तरी टेम्परेचरचा काटा जागचा हलायचा नाही, त्यामुळे कूलिंगकडे बघावं असं कधी डोक्यातच आलं नाही. मग पहिला खरा ट्रॅक डे (आपली गाडी रेस ट्रॅकवर नेऊन पळवायचा दिवस), तिसरं सेशन, पाचवा लॅप. स्ट्रेटवर काटा मधोमध, ब्रेक मारला तेव्हा मधोमध, दोन कोपरे सोडून परत बघितलं तर पाऊण, आणि पुढच्या स्ट्रेटवर गाडीने पॉवरच काढून घेतली. लिंप मोड, म्हणजे इंजिन वाचवायला गाडी आपणहून पॉवर कमी करते. उजवीकडे सरकून, इंडिकेटर लावून, हीटर फुल करून, घामाघूम होऊन पिटमध्ये आलो. हीटर फुल करणं हा उपाय खरंच चालतो, कारण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच असतो, पण हेल्मेट घालून तो सहन करायला जिगर लागते.

तेव्हा कळलं की डॅशबोर्डवरचा तो काटा म्हणजे आपल्या समाधानासाठी ठेवलेला आहे. बऱ्याच गाड्यांमध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ७५ ते ११० डिग्रीच्या मध्ये कुठेही असलं तरी काटा मधोमध धरून ठेवलेला असतो, मुद्दाम, नाहीतर लोक चढावर काटा जरा हलला तरी घाबरून सर्व्हिस सेंटरला जातात. म्हणजे काटा हलेपर्यंत वरात निघून गेलेली असते. ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचायचं सॉकेट) रीडर लावला आणि फोनवर आकडा दिसायला लागला तेव्हा कळलं की तिसऱ्या लॅपलाच १०९ झालेले असतात. ऑइलचा सेन्सर वेगळा बसवला, तिकडे १४१. एकशे एक्केचाळीस! हे बघून मी त्याच रात्री किट ऑर्डर केलं, आणि तीच चूक झाली, कारण गाडी गरम का होते हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही, सरळ उत्तर विकत घेतलं.

थोडं गणित सांगतो, कंटाळा आला तर पुढच्या पॅराला जा. हायवेवर शंभरच्या स्पीडने जाताना गाडीला साधारण १५-२० किलोवॅट पुरतात. ट्रॅकवर तेच इंजिन निम्म्याहून जास्त वेळ फुल थ्रॉटलला असतं, म्हणजे अडीचशे हॉर्सपॉवर, म्हणजे १८० किलोवॅटच्या वर. पेट्रोलमधल्या एनर्जीचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकांकडे जातो, एक मोठा हिस्सा सायलेन्सरमधून बाहेर, आणि उरलेला पाण्यात आणि ऑइलमध्ये उतरतो. फुल थ्रॉटलला पाण्यात उतरणारी उष्णता १०० किलोवॅटच्या घरात धरा. पन्नास इलेक्ट्रिक किटल्या एकाच वेळी चालू, आणि त्यांची सगळी उष्णता बंपरमागच्या एका जाळीतून हवेत सोडायची. कंपनीने रेडिएटर बनवताना चढ, ट्रेलर, एसी, उन्हाळा सगळं धरलेलं असतं, पण सलग वीस मिनिटं रेडलाइनला मारणारा येडा धरलेला नसतो, आणि तो धरला नाही म्हणून कंपनीला दोष पण देता येत नाही. मुद्दाम ट्रॅकसाठी म्हणून आलेल्या गाड्यांचं पण असं झालंय, २०१५ च्या कॉर्वेट झेड०६ बद्दल मालकांनी ट्रॅकवर गरम होते म्हणून ओरड केली आणि २०१७ च्या मॉडेलला बॉनेटवरचे व्हेंट मोठे आले.

आता किट. ब्रँडचं नाव लिहीत नाही, तक्रारी पण करायच्यात आणि मला त्यांच्याशी भांडण नकोय. खोक्यात काय आलं तर पूर्ण अॅल्युमिनियमचा रेडिएटर, ४२ मिमी जाड कोअर (म्हणजे मधली जाळी, माझा ओरिजिनल २६ मिमी), जास्त प्रेशरची रेडिएटर कॅप, सिलिकॉन होज, १९ रांगांचा ऑइल कूलर, थर्मोस्टॅटवाली (ठराविक टेम्परेचरला उघडणारा व्हॉल्व्ह असलेली) सँडविच प्लेट, जी ऑइल कूलरकडे वळवते, ऑइल लाइन, ब्रॅकेट, आणि इन्स्टॉलेशन गाइड नावाचं एक पान ज्यावर दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा फोटो होता.

वेल्डिंग मात्र सुंदर. एंड टँकचं (कोअरच्या दोन टोकांच्या टाक्या) टिग वेल्डिंग बघत बसावं असं, नाणी एकावर एक सरकवून ठेवल्यासारखं. ओरिजिनल रेडिएटरला प्लॅस्टिकचे एंड टँक असतात, अॅल्युमिनियम कोअरवर रबर सील ठेवून कडा दुमडून बसवलेले, आणि वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन ते प्लॅस्टिक ठिसूळ होतं, तपकिरी पडतं आणि एक दिवस नेकजवळ तडकतं. ती भीती इथे नाही. पण सौंदर्य तिथेच संपतं. खालच्या दोन पिन रबर बुशमध्ये बसायला ४-५ मिमीने कमी पडत होत्या, फाइल घेऊन बसलो. ड्रेन प्लग अशा कोपऱ्यात दिलाय की खालचा ट्रे काढल्याशिवाय हात जात नाही. आणि जाड कोअरमुळे फॅनची शराउड (भोवतीचं आवरण) मागे सरकली, क्रँक पुलीपासून ८ मिमी राहिली. इंजिन माउंटवर हलतं हे किट डिझाइन करणाऱ्याला कोणीतरी सांगायला पाहिजे होतं. शेवटी जुन्या फॅनच्या जागी पातळ फॅन टाकला, तो अर्थातच किटमध्ये नाही. कस्टमर केअरला फोटो पाठवले, तीन दिवसांनी अत्यंत गोड उत्तर आलं की बाकी कोणाची तक्रार नाही. असेल बाबा.

इथे एक गोष्ट मी जाणूनबुजून केली त्याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटून घेतो. सगळं एकदम बसवलं नाही. बहुतेक रिव्ह्यू वाचा, लोक रेडिएटर, कॅप, कूलंट, थर्मोस्टॅट, होज सगळं एकाच वीकेंडला बदलतात आणि मग लिहितात रेडिएटरने १५ डिग्री कमी केले. अरे पण कोणी कमी केले ते कळलं कसं? मी एक एक गोष्ट बदलून एक एक ट्रॅक डे केला, तोच ट्रॅक, तोच टायर प्रेशर, आणि दर वेळी बाहेरचं टेम्परेचर लिहून ठेवलं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण रेडिएटर काही कूलंटला ठरलेल्या आकड्यावर आणत नाही, तो बाहेरच्या हवेपेक्षा ठराविक अंतरावर आणतो. थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की बाहेर ५ डिग्री जास्त म्हणजे आत पण साधारण ५ जास्त. त्यामुळे थंडीत टेस्ट करून 'प्रॉब्लेम सुटला' म्हणणाऱ्यांचा उन्हाळ्यात परत मेसेज येतो.

तर ओरिजिनल रेडिएटर: बाहेर ३१, पाचव्या लॅपला ११९ आणि चढतच होतं, म्हणजे हवेपेक्षा ८८ वर आणि थांबायचं नाव नाही. नवा रेडिएटर, पातळ फॅन सोडला तर बाकी काही बदल नाही: बाहेर २९, सातव्या लॅपला ११४, चढणं हळू झालं पण थांबलं नाही. हवेपेक्षा ८५ वर. म्हणजे एवढी उठाठेव करून दोन लॅप जास्त मिळाले. जास्त पाणी मावतं म्हणून गरम व्हायला जरा जास्त वेळ लागला, एवढंच.

त्या दिवशी संध्याकाळी पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात तिथे) बंपर काढून खुर्ची टाकून नुसता बघत बसलो होतो, डोकं चालत नव्हतं, आणि तेव्हा दिसलं. रेडिएटरच्या तोंडावर किडे, धूळ, टायरच्या रबराचे बारीक कण हे सगळं मधल्या एका पट्ट्यात चिकटलेलं, आणि दोन्ही बाजू आणि वरची कड जवळपास कोरी करकरीत. आणि रबराचे सगळ्यात जास्त कण कुठे होते माहितीये? रेडिएटरच्या बाजूच्या फटीत, शराउडच्या मागे, खालच्या ट्रेमध्ये मूठभर साठलेले. म्हणजे बंपरच्या तोंडातून आत येणारी हवा रेडिएटरच्या दारापर्यंत येत होती, आत बघत होती आणि बाजूने निघून जात होती. घोडं इथे पेंड खात होतं.

विचार केला तर साधी गोष्ट आहे. फिनच्या (पातळ पत्र्यांच्या) दाट जाळीतून जाण्यापेक्षा बाजूची मोकळी फट हवेला सोपी. आणि मी काय केलं होतं, कोअर २६ चा ४२ मिमी केला, म्हणजे जाळीतून जाणं आणखी अवघड केलं, म्हणजे बाजूची फट हवेला आणखी गोड लागायला लागली. शिवाय माझ्या गाडीला पुढे इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा), त्याच्या मागे एसी कंडेन्सर (एसीची जाळी), त्याच्या मागे रेडिएटर. ही तीन पदरी उतरंड पार करून येणारी हवा आधीच तापलेली आणि दमलेली.

मग पुठ्ठा. मोठं खोकं कापून बंपरच्या तोंडापासून रेडिएटरच्या चारही कडांपर्यंत साचे बनवले, पटतील असे झाल्यावर त्यावरून १ मिमी अॅल्युमिनियमचा पत्रा कापला, कडांना बंद सेलचा फोम लावला, रिव्हेट मारले, आणि इंटरकूलर-कंडेन्सर-रेडिएटरच्या मधल्या फटी पण फोमने बुजवल्या. दोन वीकेंड गेले, बोटं कापली, दिसायला म्हणाल तर शाळेच्या प्रोजेक्टसारखं. एक सोपी टेस्ट सांगतो, अंधारात गाडीच्या तोंडातून टॉर्च मारा आणि मागून इंजिनच्या बाजूने बघा, जिथून उजेड दिसतो तिथून हवा पळते (फिनमधून येणारा उजेड सोडून, हे सांगायची वेळ आली कारण मी पहिल्यांदा तो पण बुजवायला निघालो होतो).

रिझल्ट: बाहेर ३३, म्हणजे चारही दिवसांत सगळ्यात गरम दिवस, आणि कूलंट १०१ ला येऊन थांबलं. थांबलं! पंचवीस मिनिटांचं पूर्ण सेशन, नववा लॅप, दहावा लॅप, १०१, १०२, १०१. हवेपेक्षा ६८ वर. पत्रा आणि फोमने १७ डिग्री.

मग मला झोप लागेना. कारण प्रश्न उरतोच ना, की हे सगळं पत्र्याचं काम असेल तर रेडिएटर कशाला घेतला? मित्र म्हणाला सोड आता, चाललीये ना गाडी. नाही सोडलं. जुना रेडिएटर परत बसवला, डक्ट, म्हणजे ते पत्रा-फोमचे हवेचे रस्ते, तसेच ठेवले (पातळ कोअरमुळे फोमची आणखी एक पट्टी लागली), आणि चौथा ट्रॅक डे केला. बाहेर ३२, कूलंट १०६ ला स्थिर. हवेपेक्षा ७४ वर.

म्हणजे जाड, देखण्या, वेल्डिंग बघत बसावं अशा रेडिएटरची खरी कमाई ६ डिग्री. आणि ती पण डक्ट असतील तरच, नाहीतर ३. मी असं म्हणत नाही की ६ डिग्री म्हणजे काही नाही, कडक उन्हाळ्यात किंवा गाडी ट्यून करून तीनशेच्या वर नेली तर त्या सहाची किंमत कळेल. पण किटच्या खोक्यावर रेडिएटरचा फोटो आहे, फोमच्या पट्टीचा नाही, आणि आत फोमची एक पट्टी सुद्धा दिलेली नाही. माझा राग त्यावर आहे. तीन मीटर फोम आणि साच्याचा एक कागद टाकला असता तर ह्याच रेडिएटरला मी चार स्टार दिले असते.

हवा आत येण्याइतकंच तिचं बाहेर जाणं महत्त्वाचं, हे मला अजून पूर्ण जमलेलं नाहीये. बॉनेटखाली हवा कोंडली की पुढून कितीही कोंबा, जाळीच्या दोन्ही बाजूंना प्रेशर सारखंच, हवा हलणार कशाला. बॉनेटच्या पुढच्या अर्ध्या भागात वरून जाणाऱ्या हवेचं प्रेशर कमी असतं, व्हेंट तिथे हवा. विंडशील्डच्या पायथ्याशी उलट प्रेशर जास्त असतं, त्यामुळे बॉनेटच्या मागच्या बिजागरीला वॉशर घालून मागची कड उचलणारी जी फॅशन आहे ती दिसायला रेसिंग, पण स्पीडला तिथून हवा आतच घुसायची शक्यता जास्त. उभ्या गाडीत तिथून गरम हवेच्या लाटा निघताना दिसतात म्हणून लोकांना वाटतं काम करतंय. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१ मस्टँग विमानाच्या पोटाखालचं रेडिएटरचं ते फुगीर खोकं आठवा, लहान तोंड, मग हळूहळू रुंद होणारा बोगदा, मग रेडिएटर, मग परत निमुळतं होत मागे बाहेर. हवा रुंद बोगद्यात मंदावते, प्रेशर वाढतं आणि ती जाळीतून नीट जाते. त्यामागचं गणित मेरेडिथ नावाच्या ब्रिटिश इंजिनियरने १९३० च्या दशकातच मांडलं होतं. आपण अजून फोम चिकटवतोय.

ऑइल कूलर. हा किटमधला हिरा आहे आणि गंमत म्हणजे खोक्यावर त्याचा फोटो कोपऱ्यात आहे. ट्रॅकवर मला पाण्यापेक्षा ऑइलचीच भीती जास्त वाटते, कारण पाणी गरम झालं की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पॉवर कापतो, ऑइलचं बऱ्याच गाड्यांमध्ये कोणी बघतच नाही. गरम ऑइल पातळ होतं, प्रेशर पडतं, आणि बिचाऱ्या बेअरिंगला आवाज करेपर्यंत कळत नाही. चांगलं सिंथेटिक १०० ते १२० मध्ये खुशीत असतं, १३० पर्यंत चालवून घेतं, सतत १४० ला ठेवलं तर मग ऑइल बदलायचे दिवस मोजायला लागा. माझ्या गाडीत कंपनीने ऑइल फिल्टरजवळ पाण्यावर चालणारा छोटा हीट एक्स्चेंजर दिलाय, तो सकाळी ऑइल लवकर गरम करायला उत्तम, पण ट्रॅकवर तो ऑइलची उष्णता उचलून आधीच दमलेल्या पाण्यात टाकतो. दुष्काळात तेरावा महिना. पोर्शेच्या ९११ ला आपण १९९८ पर्यंत हवेवर थंड होणारी म्हणतो, पण ते इंजिन निम्मं तरी ऑइलच्याच जिवावर थंड व्हायचं, पुढे वेगळा ऑइल कूलर, वेगळी टाकी. ऑइलला कूलंट समजलं की बऱ्याच गोष्टी डोक्यात बसतात.

किटमधली सँडविच प्लेट थर्मोस्टॅटवाली आहे, साधारण ८०-८५ ला उघडते, आणि ह्यात तडजोड करू नका. थर्मोस्टॅट नसलेली स्वस्त प्लेट घेतली तर थंडीत रोजच्या ड्रायव्हिंगला ऑइल ६० च्या वर जाणारच नाही, आणि त्या ऑइलमधली ओल आणि पेट्रोल उडून जात नाही. कूलर कुठे लावायचा ह्याबद्दल कागदावर 'रेडिएटरसमोर' लिहिलंय. नका लावू. तिथे चौथा पदर कशाला? मी पुढच्या चाकाच्या आधी, फॉग लॅम्पच्या जागी लावला, समोरून स्वतःचं तोंड दिलं आणि फेंडर लायनरला मागून जाळी कापून हवेला बाहेर काढलं. लाइन दोन्ही बाजूंनी २०-२५ सेंटीमीटर जास्तच आहेत, पण कमीपेक्षा जास्त बरं. पहिल्यांदा एक फिटिंग मी नीट आवळलं नव्हतं, गॅरेजमध्येच थेंब दिसला म्हणून वाचलो, ट्रॅकवर ऑइल सांडून सगळ्यांचं सेशन लाल झेंड्याखाली घालवणारा माणूस म्हणून मला ओळख नकोय. लाइन जिथे पत्र्यातून जाते तिथे रबर ग्रॉमेट घाला, नाहीतर वर्षभरात घासून भोक.

पाचवा ट्रॅक डे, नवा रेडिएटर परत, डक्ट आणि कूलर. बाहेर ३२, ऑइल ११६, कूलंट ९७. कूलंट आणखी तीन-चारने उतरलं कारण ऑइलचं ओझं त्याच्या डोक्यावरून उतरलं. फिटिंगचा त्रास, कागदावरची चुकीची जागा हे धरून पण साडेचार स्टार.

कॅपबद्दल वेगळं लिहायलाच पाहिजे. किटमध्ये आलेल्या कॅपवर १.३ बार छापलंय. ओळखीच्या गॅरेजमध्ये प्रेशर टेस्टरवर लावली, ०.९ लाच फुस्स. दुसरी मागवली, ती १.१ ला. हे मात्र अक्षम्य आहे. प्रेशरचा हिशोब साधा आहे, साधं पाणी उघड्यावर १०० ला उकळतं, वर १ बार दाब दिला की १२० ला. अर्ध पाणी अर्ध ग्लायकॉल (कूलंटमधलं अँटीफ्रीझ) असेल तर तेच १२९ च्या आसपास. कॅप कमी दाबाला सुटली म्हणजे तुम्ही ज्या उंबरठ्यावर विसंबून गाडी मारताय तो मुळात तिथे नाहीच. आणि उकळणं आधी सुरू होतं ते सिलिंडर हेडच्या आत, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला, जिथे धातू सगळ्यात गरम. तिथे वाफेचा थर साठला की पाणी धातूला टेकतच नाही, आणि तुमच्या सेन्सरला ते दिसायच्या आधी हेड गॅस्केटला (हेड आणि ब्लॉकमधलं सील) दिसतं. कॅप कंपनीची ओरिजिनल लावली, विषय संपला. रेडिएटरचे स्टार कापले त्यात ह्या कॅपचा पण वाटा आहे.

कूलंट कोणतं, ह्यावर लोक एकमेकांच्या उरावर बसतात. उष्णता वाहायला साध्या पाण्यासारखं काही नाही, ग्लायकॉल मिसळलं की वाहण्याची ताकद कमी होते, उकळण्याचा आकडा मात्र वर जातो आणि थंडीत गोठत नाही. बऱ्याच रेसिंगमध्ये ग्लायकॉलला बंदीच असते, कारण सांडलं की ट्रॅक घसरडा होतो आणि पाण्यासारखं वाळत पण नाही. तुमच्या आयोजकांचा नियम आधी वाचा. मी ट्रॅकच्या सीझनला डिस्टिल्ड पाणी आणि गंज रोखणारं अॅडिटिव्ह टाकतो, नळाचं पाणी नाही, नुसतं पाणी तर अजिबात नाही, आणि गोठण्याइतकी थंडी पडते तिथे राहत असाल तर सीझन संपला की परत ग्लायकॉल. विसरलात तर ब्लॉक फुटतो.

किटसोबत आलेल्या त्या एका पानावर 'थर्मोस्टॅट काढून टाकल्यास उत्तम' असं पण एक वाक्य आहे. बऱ्याच इंजिनमध्ये थर्मोस्टॅट दोन कामं करतो, उघडताना रेडिएटरचा रस्ता मोकळा करतो आणि मागच्या चकतीने बायपास बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा आणि बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनमध्येच गोल फिरतं. म्हणजे आगीतून फुफाट्यात. कमी आकड्याचा थर्मोस्टॅट टाकून पण कमाल टेम्परेचर बदलत नाही, तुम्ही सुरुवात खालून करता, पोचता तिथेच. आणि 'पाणी फार जोरात फिरलं तर रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळ मिळत नाही' हे ज्याने पहिल्यांदा सांगितलं त्याला शोधतोय मी. पाणी बंद चक्रात फिरतंय हो, रेडिएटरमध्ये कमी वेळ थांबलं तर इंजिनमध्ये पण कमीच वेळ थांबलं ना. मिनिटाला १५० लिटर पाणी फिरत असेल तर १०० किलोवॅट काढायला रेडिएटरच्या आत आणि बाहेर जेमतेम १० डिग्रीचा फरक पडतो. फरक कमी दिसतो म्हणून रेडिएटर वाईट ठरवू नका.

एक गोष्ट गाडीगणिक वेगळी असते ती पाण्याचा इंजिनमधला रस्ता. जुन्या मॅझ्दा एमएक्स-५ चं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, ते इंजिन मुळात आडवं बसणारं, फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीचं, ते उभं बसवल्यावर पाण्याची बाहेर पडायची वाट पुढच्या बाजूला आली आणि मागच्या चौथ्या सिलिंडरला पाणी कमी मिळतं, म्हणून ट्रॅकवाले पाणी हेडच्या मागून काढायचं काम करून घेतात. अशा इंजिनला बाहेर कितीही मोठा रेडिएटर लावा, चौथा सिलिंडर तुमच्या नावाने रडणारच. तेव्हा किट घेण्याआधी तुमच्या इंजिनची खोड काय ते त्याच इंजिनवाल्यांना विचारा.

फिट केल्यावर हवा काढण्यात आळस करू नका. गाडीचं नाक वर करा, हीटर फुल गरमवर, उंच फनेल लावा आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत बसा, माझा पाऊण तास गेला. पहिल्यांदा घाई केली होती आणि सेन्सरजवळ हवेचा फुगा राहिला, आकडा ९२ वरून ७० वर आणि परत ९५ वर अशा उड्या मारत होता, मी सेन्सर बदलायला निघालो होतो.

आणि चालवण्याबद्दल. वरचा गिअर जरा लवकर टाकला, शेवटचे पाचशे आरपीएम सोडले तरी लॅप टाइम फारसा जात नाही आणि आकडा लगेच नरम येतो. दुसऱ्या गाडीच्या शेपटीला चिकटून लॅपमागून लॅप काढू नका, तिच्या मागे हवा पण कमी आणि ती पण तिने तापवलेली, स्ट्रेटवर अर्धी गाडी बाजूला काढली तरी पुरतं. शेवटचा लॅप ब्रेक न मारता, वरच्या गिअरमध्ये, हळू. पिटमध्ये येऊन लगेच चावी फिरवू नका, पंप थांबतो आणि हेडमधली सगळी उष्णता उभ्या पाण्यात उतरते, टर्बोचा तर विचारच नको. आणि कॅप गरम असताना उघडू नका, हे सगळ्यांना माहीत असतं तरी प्रत्येक ट्रॅक डेला कोणीतरी उघडतोच.

तर घ्यावं कोणी? तीनशेच्या वर पॉवर असेल, किंवा ओरिजिनल प्लॅस्टिक टँक म्हातारे झाले असतील, तर रेडिएटर घ्या, कॅप फेकून द्या. बाकीच्यांनी आधी ओबीडी रीडर, मग फोम, मग ऑइल कूलर, ह्या क्रमाने जा. माझा जुना २६ मिमीचा रेडिएटर अजून गॅरेजमध्ये भिंतीला टांगलेला आहे, आणि ऑइल कूलर आणि डक्टसोबत तो किती आकडा दाखवेल ही एकच टेस्ट राहिलीये. बहुतेक १०३. पुढच्या महिन्यात बाराव्यांदा बंपर काढणार आहे, आकडा आला की इथेच खाली टाकतो.